निरीक्षणाआधी कृती : सुरू न होणाऱ्या संगणकाच्या दुरुस्ती-साहित्याची एक तपासणी

परंडा तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत काही वर्षांपासून एक चांगला उपक्रम चालू आहे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवलेला आहे. आठवी-नववीचे विद्यार्थी पाळीपाळीने सकाळी साडेआठ वाजता त्यातले पाणी मोजतात व नोंद करतात. हा तालुका अवर्षणप्रवण. काल २.५ मिलिमीटर पाऊस झाला की नाही, म्हणजेच हवामानशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे कालचा दिवस ‘पावसाचा दिवस’ ठरतो की नाही, हा प्रश्न तिथे नुसता पुस्तकी राहत नाही. सुरुवातीला या नोंदी वहीत होत असत. पुढे शाळेत संगणक-कक्ष झाला, लिनक्स प्रणालीवर चालणारा सर्व्हर आला आणि नोंदी थेट संगणकावर होऊ लागल्या. सर्व्हरमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या. एकीवर लिहिलेले दुसरीवर आपोआप उमटावे अशी ‘सॉफ्टवेअर रेड’ नावाची व्यवस्था त्यात केलेली होती. “दोन-दोन डिस्क आहेत, मग वही कशाला?” असे ठरले आणि वही बंद झाली.

एका वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा सर्व्हर सुरू होईना. काळ्या पडद्यावर चार-पाच ओळी येत आणि संगणक तिथेच थांबे. संगणक-शिक्षकांनी इंटरनेटवर शोध घेतला, सापडलेले उपाय वहीच्या पानावर उतरवले आणि एकेक करून पाहिले. नवव्या उपायाला संगणकाने एक प्रश्न विचारला. त्याला ‘हो’ म्हणावे असे पानावर लिहिलेले होते, म्हणून त्यांनी ‘हो’ म्हटले. रात्रभर डिस्कचा दिवा लुकलुकत राहिला. सकाळी सर्व्हर सुरू झाला, सर्वांना आनंद झाला. पण पावसाच्या नोंदी उघडल्या तर त्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपत होत्या. जून ते ऑक्टोबरचा संपूर्ण पावसाळा नाहीसा झाला होता.

डिसेंबरात आम्ही गावी गेलो असताना मुख्याध्यापकांनी बोलावून घेतले. आम्ही दोन्ही डिस्क तपासल्या, शिक्षकांनी मोबाइलवर काढून ठेवलेले पडद्याचे छायाचित्र पाहिले आणि ते वहीचे पानही वाचले. गेलेले परत मिळण्यासारखे नव्हते. मात्र ते पान आमच्या मनातून जाईना. त्यावरचा एकही उपाय सरसकट चुकीचा नव्हता. प्रत्येकाने कधी ना कधी कुणाचा तरी संगणक सुरू झालेला असणार. मग चूक कुठे होती? या लेखात आम्ही त्या शिक्षकांची नव्हे, तर अशा पानांची, म्हणजे ‘हे करा, मग ते करा’ या पद्धतीने लिहिलेल्या दुरुस्ती-साहित्याची तपासणी करणार आहोत. प्रश्न संगणकाचा असला तरी चूक आपल्या प्रयोगशाळेच्या ओळखीची आहे, असे वाचकांच्या लक्षात येईल.

रेड म्हणजे काय?

१९८८ साली अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या, महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान व स्वस्त डिस्क एकत्र जोडल्या तर काम वेगाने होईल, असा त्यांचा मुद्दा होता. पण त्यात एक अडचण होती व ती त्यांनीच मांडली. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर अशा १०० डिस्कच्या संचात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत व्हायचा! तेव्हा काही डिस्कवर जादा माहिती ठेवून एखादी बिघडली तरी काम चालू राहील अशी योजना हवी. या योजनांना ‘रेड’ हे नाव मिळाले. त्यातला सर्वांत सोपा प्रकार आरशाचा : दोन डिस्क, दोन्हींवर तीच माहिती. लिनक्समध्ये यासाठी वेगळे यंत्र लागत नाही. कर्नलमधील ‘एमडी’ नावाचा भाग हे काम करतो आणि ‘एमडीएडीएम’ नावाच्या साधनाने त्याची देखभाल करता येते. म्हणून हे ‘सॉफ्टवेअर’ रेड. शाळेला परवडण्यासारखी ही उत्तम सोय आहे, यात शंका नाही.

पण रेड कशापासून वाचवते? फक्त एका डिस्कच्या बिघाडापासून. चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसली जाते. वीज पडली तर एकाच पेटीतल्या दोन्ही डिस्क एकदम जाऊ शकतात. आरसा हा वर्तमानाचा असतो, कालच्या चेहऱ्याची आठवण तो ठेवत नाही. कालची आठवण हवी असेल, तर वेगळ्या ठिकाणी ठेवलेली वेगळी प्रत हवी. ‘रेड हा सुरक्षित प्रतीला पर्याय नाही’ हा इशारा जाणकार नेहमीच देत आले आहेत. शाळेने वही बंद केली, तेव्हा या इशाऱ्याकडे दुर्लक्ष झाले. ती पहिली चूक. पण पावसाळा पुसला गेला तो दुसऱ्या चुकीने.

संगणक सुरू होतो म्हणजे काय होते?

कळ दाबल्यापासून प्रवेशाचा पडदा येईपर्यंत संगणकात एक साखळी चालते. प्रत्येक कडी पुढच्या कडीला जागे करते आणि स्वतः बाजूला होते.

पहिली कडी म्हणजे मदरबोर्डवरील बायोस किंवा नव्या संगणकांत यूईएफआय. जुन्या पद्धतीत बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचतो. त्यातील ४४६ बाइट प्रारंभिक आज्ञांसाठी, ६४ डिस्कच्या विभागणीच्या तक्त्यासाठी आणि २ ओळखखुणेसाठी असतात. दुसरी कडी म्हणजे ‘ग्रब’ हा प्रारंभक. तो कर्नल शोधून स्मृतीत आणतो आणि त्याबरोबर ‘इनिटरामएफएस’ नावाचे फायलींचे एक लहान गाठोडे आणतो. तिसरी कडी कर्नल आणि हे गाठोडे. गाठोड्यातील साधने दोन डिस्क ओळखून त्यांची जुळणी करतात आणि त्या जुळणीतून मूळ विभाग, म्हणजे ज्यावर सारी प्रणाली ठेवलेली असते तो विभाग, उघडतात. चौथी कडी म्हणजे मूळ विभागावरून चालू होणाऱ्या सेवा.

यातली मेख अशी की, पहिल्या कडीला रेड म्हणजे काय हे ठाऊकच नसते. बायोसच्या दृष्टीने दोन सुट्या डिस्क असतात. आरसा तयार होतो तो तिसऱ्या कडीत. म्हणजे संगणक सुरू होण्याचा पहिला भाग आरशाच्या संरक्षणाबाहेर असतो. परंड्याचा भुईकोट किल्ला पाहिलेल्यांना हे चटकन उमगेल. तट दुहेरी असो, भोवती खंदक असो, आत जायचे ते दरवाज्यातूनच. दरवाजा उघडला नाही, तर दुहेरी तट आतल्या धन्यालाही बाहेरच ठेवतो.

त्यामुळे ‘संगणक सुरू होत नाही’ हे एका बिघाडाचे नाव नव्हे. ‘ताप आला’ म्हटल्यावर वैद्य जसा लगेच औषध देत नाही, तसेच इथेही साखळी कुठे तुटली हे आधी पाहावे लागते. ते पडद्यावर दिसते. ‘सुरू करण्याजोगी डिस्क नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, तर बिघाड पहिल्या कडीत आहे. बहुधा ग्रब एकाच डिस्कवर बसवलेला असतो आणि नेमकी तीच गेलेली असते. ‘ग्रब रेस्क्यू’ असे शब्द येऊन लुकलुकणारी खूण थांबली, तर ग्रबचा पहिला तुकडा चालला, पण त्याला आपले बाकीचे तुकडे सापडले नाहीत. कर्नलच्या ओळी सरसर वर गेल्या आणि मग ‘मूळ विभाग सापडत नाही’ अशी तक्रार येऊन ‘इनिटरामएफएस’ असा शब्द उरला, तर ग्रब व कर्नल ठीक आहेत, पण जुळणी झालेली नाही. आणि मूळ विभाग उघडून पुढे कुठे गाडी अडली असेल, तर बहुतेक वेळा रेडचा दोषच नसतो.

शाळेच्या छायाचित्रात तिसऱ्या कडीचा संदेश स्पष्ट दिसत होता. पानावरच्या पहिल्या तीन उपायांचा संबंध मात्र ग्रबशी, म्हणजे दुसऱ्या कडीशी होता. न दुखणाऱ्या दाताला तीनदा औषध लावले गेले होते.

चार सल्ल्यांची तपासणी

आता पानावरील मुख्य सल्ले पाहू.

पहिला सल्ला : ‘ग्रब पुन्हा बसवा.’ ग्रब एकाच डिस्कवर असेल तर हा सल्ला योग्यच आहे. किंबहुना रेड बसवतानाच तो दोन्ही डिस्कवर बसवायला हवा. यूईएफआयच्या संगणकांत तर प्रारंभाचा विभाग सामान्यतः आरशाबाहेर राहतो, म्हणून तो दोन्ही डिस्कवर वेगवेगळा तयार करून ठेवावा लागतो. सल्ल्यातील उणीव ही की, ‘ग्रब चालला की नाही हे आधी पाहा’ हे वाक्य त्यात नसते. दुसरी उणीव अशी की, डिस्कचे नाव ठोकून दिलेले असते. लिनक्स डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे देतो, पण ही नावे कायमची नसतात. डिस्क कोणत्या क्रमाने सापडल्या त्यावर ती ठरतात. आज जी ‘ए’ आहे ती उद्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यास ‘बी’ किंवा ‘सी’ होऊ शकते. वर्गात हजेरीचा क्रमांक बाकावरून ठरवला, तर जो घोटाळा होईल तोच इथे होतो. डिस्क ओळखावी ती तिच्यावर छापलेल्या अनुक्रमांकावरून.

दुसरा सल्ला : ‘जुळणीची फाईल दुरुस्त करा.’ इथेही अर्धेच सांगितलेले असते. जुळणीचे वर्णन असलेली फाईल मूळ विभागावर असते. पण मूळ विभाग उघडण्याआधी ती वाचणार कशी? म्हणून तिची एक प्रत ‘इनिटरामएफएस’च्या गाठोड्यात ठेवलेली असते. मूळ फाईल बदलली आणि गाठोडे पुन्हा बांधले नाही, तर संगणक सुरू होताना जुनेच वर्णन वापरतो. मग जुळणी ‘एमडी-०’ ऐवजी ‘एमडी-१२७’ अशा अनपेक्षित नावाने होते किंवा होतच नाही. जुन्या लिनक्समध्ये कर्नल स्वतः जुळणी करी, पण ते फक्त ०.९० या जुन्या नोंदपद्धतीपुरते होते. आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या १.२ पद्धतीत हे गाठोडे लागतेच. हे कारण कळले, तर ‘गाठोडे पुन्हा बांधा’ ही आज्ञा मंत्रासारखी पाठ करावी लागत नाही.

तिसरा सल्ला : ‘एक डिस्क नसली तरी संगणक सुरू होऊ द्या, असा पर्याय निवडा.’ उबुंटूच्या काही जुन्या आवृत्त्यांत बसवतानाच हा प्रश्न विचारला जाई. ज्या सेवा अखंड चालल्या पाहिजेत तिथे ‘हो’ म्हणणे योग्य आहे आणि पुढील काळात प्रणालींचा कलही तिकडेच गेला. शाळेच्या जुन्या सर्व्हरवर उत्तर ‘नाही’ असे होते. आमच्या मते त्या दिवशी संगणकाने थांबून शहाणपण केले होते. कसे ते पुढे पाहू. थांबणे हाही एक संदेश असतो. तो न वाचता ‘थांबू नकोस’ असे सांगणे म्हणजे वितळतार पुन्हा पुन्हा जळते म्हणून तिच्या जागी जाड तार घालण्यासारखे आहे.

चौथा सल्ला : ‘जुळणी होत नसेल, तर ती नव्याने तयार करा.’ हा तो नववा उपाय. एमडीएडीएमला दोन वेगळ्या आज्ञा आहेत. एक ‘जुळवा’ आणि दुसरी ‘तयार करा’. मराठीत दोन्ही सारख्या निरुपद्रवी वाटतात, पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘जुळवा’ ही आज्ञा डिस्कवरील जुन्या नोंदी वाचते आणि त्यांप्रमाणे वागते. ‘तयार करा’ ही आज्ञा त्या नोंदींवर नवीन नोंदी लिहिते, पूर्वी काय होते ते विसरते आणि दोन्ही डिस्क सारख्या करण्यासाठी एकीवरचे सारे दुसरीवर उतरवायला घेते. कोणती खरी, कोणती शिळी, हे तिला कळण्याचा मार्गच उरत नाही. म्हणूनच ती आधी विचारते : ‘या डिस्क आधीच एका संचाचा भाग दिसतात, तरी पुढे जायचे का?’ पानावर या प्रश्नाचे उत्तर लिहिलेले होते, प्रश्न लिहिलेला नव्हता. कर्नलच्या जाणकारांनी चालवलेल्या रेड-विकीवर ‘तयार करा’ हा अगदी शेवटचा, तज्ज्ञाला विचारूनच करायचा उपाय असल्याचे बजावलेले आहे. एमडीएडीएमच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत माहिती डिस्कवर कुठून सुरू करायची याचे नेहमीचे अंतरही वेगळे असते. त्यामुळे जुनीच आज्ञा जशीच्या तशी दिली, तरी माहिती जागेवर सापडेलच असे नाही. हा इशारा मूळ ठिकाणी आहे. हाताने हाताला उतरत गेलेल्या पानांतून तो गळून पडतो, कारण इशाऱ्याने संगणक सुरू होत नाही, आज्ञेने होतो.

प्रत्यक्षात काय घडले?

दोन्ही डिस्कवरील सर्व नोंदी, संगणकाची स्वतःची दैनंदिनीसुद्धा, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपत होत्या. यावरून घटनाक्रम लावता येतो. एप्रिलमध्ये दुसरी डिस्क संचातून गळली. कारण कदाचित सैल जोडणी एवढेच असेल. रेडने आपले काम चोख केले आणि पहिल्या डिस्कवर सारे चालू राहिले. कुणाला काही जाणवले नाही. सात महिने पाऊस फक्त एका डिस्कवर नोंदला जात होता. दिवाळीनंतर पहिली डिस्क जागी झाली नाही, छायाचित्रात तिचे नाव दिसत नाही. उलट गळलेली दुसरी डिस्क मात्र त्या दिवशी सापडली. तिच्यावरच्या नोंदीनुसार संच अजून दोन डिस्कचा होता, म्हणून संगणक दुसरीची वाट पाहत थांबला. तो तसा थांबला नसता, तर एप्रिलच्या शिळ्या प्रतीवरच सुरू झाला असता, मुलांनी तिच्यावर नव्या नोंदी केल्या असत्या आणि दोन डिस्कच्या दोन वेगळ्या कहाण्या झाल्या असत्या.

शिक्षकांनी पेटी उघडून सगळ्या जोडण्या दाबून बसवल्या होत्या. आमच्या मते बिघाड तिथेच दूर झाला होता. तेवढ्यावर संगणक पुन्हा सुरू केला असता, तर दोन्ही डिस्कवरील नोंदींची तुलना होऊन ताजी डिस्क निवडली गेली असती आणि सर्व्हर बहुधा आपोआप चालू झाला असता. पण पान अजून संपलेले नव्हते! पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून नववा उपाय केला गेला. डिस्कच्या नावांची अदलाबदल झाली होती, शिळी डिस्क आता पहिली होती. तिच्यावरचा एप्रिल रात्रभरात ताज्या डिस्कवरच्या नोव्हेंबरवर उतरला.

पाहायचे होते ते इतकेच

हे टाळायला किती निरीक्षणे लागली असती? फक्त दोन, आणि दोन्ही डिस्कवर काहीही न लिहिता करता येणारी.

पहिले, ‘एमडीस्टॅट’ ही फाईल वाचणे. तिच्यात संचाची स्थिती एका ओळीत असते. [२/२] आणि [यूयू] दिसले तर दोन्ही डिस्क कामावर आहेत. [२/१] आणि [यू_] दिसले तर एक गैरहजर आहे. आठवड्यातून एकदा कुणी ही ओळ पाहिली असती, तर एप्रिलमध्येच सारे कळले असते. एमडीएडीएमला पाळत ठेवून ई-मेलने इशारा पाठवताही येतो, पण पत्ताच भरलेला नसेल तर इशारा कुणापर्यंत पोहोचणार?

दुसरे, प्रत्येक डिस्कवरची नोंद ‘तपासा’ या आज्ञेने वाचणे. तिच्यात शेवटच्या बदलाची वेळ आणि ‘इव्हेंट्स’ नावाचा वाढत जाणारा आकडा असतो. संचाच्या स्थितीत बदल होत जातात तसा तो वाढत जातो. दोन डिस्कचे आकडे जुळले तर त्या बरोबरीच्या आहेत. एकीचा आकडा मागे असेल तर ती शिळी. दोन विद्यार्थ्यांच्या वह्यांपैकी कोणती पूर्ण आहे हे पाहायला आपण शेवटच्या पानावरची तारीख पाहतो, त्याहून हे अवघड नाही. त्यानंतर एक डिस्क काढून कपाटात ठेवावी किंवा तिची हुबेहूब प्रत घेऊन प्रतीवरच प्रयोग करावेत. मग पानावरचे उपाय करून पाहायला हरकत नाही.

न पाहण्याची किंमत गणितानेही दाखवता येते. उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्यांनी हा हिशेब जरूर करावा. दोन डिस्कचा आरसा पूर्णपणे निकामी होण्यास लागणारा सरासरी काळ असा काढतात : एका डिस्कच्या सरासरी आयुष्याचा वर्ग घ्यावा, त्याला दुरुस्तीस लागणाऱ्या काळाच्या दुपटीने भागावे आणि त्यात सरासरी आयुष्याची दीडपट मिळवावी. १९८८ च्या निबंधातील ३०,००० तास हेच आयुष्य धरू. गेलेली डिस्क २४ तासांत बदलली तर उत्तर सुमारे १ कोटी ८८ लाख तास येते, म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक. पण डिस्क गेल्याचे ५,००० तास, म्हणजे सुमारे सात महिने, कळलेच नाही तर? उत्तर १,३५,००० तास येते, म्हणजे जेमतेम पंधरा वर्षे. डिस्क त्याच, संगणक तोच. फरक फक्त लक्ष देण्याचा. शिवाय या सूत्रात दोन्ही डिस्क एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात असे गृहीत धरले आहे. एकाच पेटीतल्या, एकाच वीजजोडणीवरच्या आणि एकाच घाईच्या हाताखालच्या डिस्कना हे गृहीतक पुरते लागू पडत नाही, म्हणून खरे उत्तर याहून कमीच असणार.

प्रयोगवहीचा धडा

आपल्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षणे आणि अनुमान असा क्रम असतो. दुरुस्तीच्या बहुतेक पानांत यातली फक्त कृती असते. लेखकाने आपल्या संगणकावर निरीक्षण केलेले असते, अनुमान काढलेले असते, मग कृती केलेली असते. पण लिहिताना पहिल्या दोन गोष्टी गळतात. वाचक मग दुसऱ्याच्या निरीक्षणावर आधारलेली कृती स्वतःच्या संगणकावर करतो. मित्राच्या वहीतून निरीक्षणे उतरवणाऱ्या विद्यार्थ्याला आपण रागावतो, ते त्याचे उत्तर चुकेल म्हणून नव्हे. उत्तर कित्येकदा बरोबरही येते. आपण रागावतो, कारण त्याने स्वतःच्या परीक्षानळीत काय आहे ते पाहिलेलेच नसते.

अशा पानांना सरसकट मोडीत काढावे, असे आमचे म्हणणे नाही. आडगावातल्या शिक्षकाला दुसरा आधार कोणता? मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिनक्सचे पाठ मराठीतूनही उपलब्ध करून दिले आहेत, त्यांचा अनेकांना उपयोग होतो. आज्ञा शिकण्यासाठी असे साहित्य हवेच. पण त्याच्या जोडीला बिघाडाचा विचार कसा करावा हे सांगणारे साहित्य मराठीत वाढले पाहिजे. त्यात प्रत्येक उपायाच्या आधी तीन ओळी असाव्यात : हा उपाय करण्यापूर्वी काय पाहावे, काय दिसले तर हा उपाय करावा, आणि काय दिसले तर करू नये. चौथी ओळ अशी की, ही आज्ञा नुसती वाचते की काही लिहिते? एवढी एक ओळ त्या पानावर असती, तर नवव्या उपायापाशी हात थबकला असता.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवावासा वाटतो. जुना, रिकामा संगणक आणि दोन रिकामे पेनड्राइव्ह घ्यावेत. पेनड्राइव्हचा आरसा तयार करून त्यावर एक फाईल लिहावी. एक पेनड्राइव्ह काढून ‘एमडीस्टॅट’मध्ये [यू_] उमटते का ते पाहावे. मग दुसरी फाईल लिहावी, दोन्ही पेनड्राइव्हच्या नोंदींतील ‘इव्हेंट्स’चे आकडे तपासावेत आणि कोणता शिळा ते मुलांनाच ओळखू द्यावे. शाळेच्या सर्व्हरवर मात्र आधी वेगळी प्रत घ्यावी. नंतर संगणक रीतसर बंद करून एका डिस्कची जोडणी काढावी व तो सुरू होतो का ते पाहावे. तसेच बंद करून ती डिस्क पुन्हा जोडावी, संचात सामील करून घ्यावी आणि [यूयू] दिसल्यावरच दुसरीची पाळी आणावी. दुसऱ्या डिस्कवरून संगणक सुरू होतो, हे ज्याने कधी पाहिलेले नाही, त्याच्याकडे दुसरी डिस्क आहे असे म्हणता येणार नाही.

त्या शाळेत आता पुन्हा वही आली आहे. सकाळी साडेआठला आधी वहीत नोंद होते, मग संगणकावर. महिन्याअखेरीस सर्व नोंदींची प्रत एका वेगळ्या डिस्कवर घेऊन ती मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवली जाते. सोमवारी एक विद्यार्थी ‘एमडीस्टॅट’ वाचून [यूयू] फळ्याच्या कोपऱ्यात लिहितो. गेलेल्या पावसाळ्याच्या जागी तक्त्यात रिकामे रकाने ठेवलेले आहेत. शेजारच्या केंद्राचे आकडे घालून ते भरावेत, असे कुणीतरी सुचवले होते. मुलांनी त्याला नकार दिला. आपल्या अंगणात मोजलेला पाऊस दुसऱ्याच्या आकड्यांनी भरून निघत नाही, आणि पडून गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही, हे त्यांना पुरते कळलेले दिसले.